सीट खाली सरकते

४ ऑगस्ट, रविवार. पहाटे ५.१०
उठलो. म्हणजे जागा झालो. उठायची ऑफिशियल वेळ साडेपाच आहे.

मागच्या महिन्यात आदिलाबादच्या सायकल रॅलीत मेडल मिळालं, तेव्हाच ठरवलं की आता थांबायचं नाही. मेडल सगळ्यांनाच देऊन राह्यले होते, एका काकांना तर सायकल नसताना मिळालं. पण माझ्या गळ्यात घालताना साहेब जरा थांबले. त्यांना काहीतरी दिसलं असावं.

गावाच्या नावानं ‘जैनथ पेडलर्स’ व्हॉट्सॲप ग्रुप काढला. ३१ मेंबर. कॅप्टन मी. मिशन: १ सप्टेंबर, उटनूर रोडचा घाट, सात वळणं, पाय न टेकता.

५.४०. वारा गार आहे. सर्दी झाली तर महिन्याचं प्लॅनिंग बोंबलेल. झोपतो.

६ ऑगस्ट
सायकलला मीटर बसवून दोन दिवस झाले. काल दुकान ते पेट्रोल पंप जाऊन आलो, चार किलोमीटर. आज मीटर २२ दाखवते. म्हणजे मी स्वतःला फारच कमी लेखतो.

९ ऑगस्ट
सीट पुन्हा दोन बोटं खाली. तिसऱ्यांदा वर केली. कुलदीपला दाखवली. हा आमच्या गावच्या शाळेतला सर, ग्रुपचा व्हाइस कॅप्टन. तो म्हणे, काका, आवळलेली सीट आपोआप सरकत नसते, कोणी तरी खाली करून राह्यलं. त्याला व्हायब्रेशनचं सायन्स समजावून सांगितलं. सर असून इतकं माहीत नाही, पोरांचं कसं होईल?

११ ऑगस्ट, रविवार
पहाटेचा सराव रद्द. अलार्म वाजला नाही. वाजला असं बायको म्हणते, सुवर्णा.

हिची भक्ती मात्र वाढली आहे. रोज पहाटे देवळात जाते. देऊळ पाच मिनिटांवर, परत येते दीड तासानं, घामानं निथळत, पोटऱ्यांवर चिखल. म्हटलं, देवाला माझ्या घाटासाठीही काही माग. म्हणे, तेच मागून राह्यले.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर ग्रुप राइड. गावातून दोन चकरा. दुसऱ्या चकरेत मी जिलेबीच्या स्टॉलवर कंट्रोल रूम सांभाळली. कोणीतरी सांभाळायला पाहिजे.

१८ ऑगस्ट, रविवार
घरात वाद. सुवर्णा म्हणे, रॅलीआधी सहा महिने ओसरीत उभ्या सायकलवर माझे टॉवेल वाळले, आता घाटात पाय टेकला तर सायकल माझी. मी हसलो. म्हटलं, तुझी तर तुझी, वरून कॅप्टनकीही घे. माहेरी वांकिडीला असताना सायकलनं वावरात डबे पोचवायची म्हणे. असेल. सपाटीवर कोणीही चालवते.

ही पैज ग्रुपवर लेखी टाकली. एका मिनिटात ३१ अंगठे. विश्वास आहे लोकांचा.

इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. मला आजवर कोणी कशाचा कॅप्टन केलं नाही. शाळेत कबड्डीतही राखीव होतो, तीन वर्षं चटई उचलली. आता बाजारात लोक कॅप्टन म्हणून हाक मारतात तर छाती फुगते. हे गेलं तर मी परत गल्ल्यावरचा उद्धव.

२१ ऑगस्ट
कुलदीप म्हणे, काका, दोन तारखेला पोळा, एक तारखेला खांदशेकणी. बैल धुवायचे, खांद्याले पळसाच्या पानानं हळद-लोणी चोळायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणायचं. घाटात कोण येईल? म्हटलं, बाबा रे, बैलांना सुट्टी म्हणजे मालकांनाही सुट्टी. काऊन नाही येणार?

आमच्याकडे दोन पिढ्यांत बैल नाही, पण पोळा मला शिकवू नये. माझ्याच दुकानात झुली आणि गोंडे लटकून राह्यले. गिऱ्हाइकांची इतकी गर्दी आहे की सराव होत नाही.

२६ ऑगस्ट
मीटर २८६. मला आठवतात ते ३८. बाकीचे तंद्रीत झाले असावेत. मोठ्या खेळाडूंचं असंच होत असते.

हेल्मेटला मोगऱ्याचा वास येतो. धुतलं पाहिजे.

३१ ऑगस्ट
उद्या! चढाचा सराव म्हणून दुकानाच्या पायऱ्या चारदा चढलो. नागोरावचा छोटा हत्ती टेम्पो ठरवला. कापसाच्या दिवसांत त्यात कापूस असतो, उद्या आमच्या सायकली. घाटाच्या पायथ्यापर्यंत तो नेईल. ३१ सायकली मावतील का, हीच एक चिंता.

१ सप्टेंबर, रविवार. पहाटे ५.००
आलेले मेंबर: कुलदीप.

बाकीचे बैल धुवून राह्यले. नागोरावही म्हणे, दुपारपर्यंत सोडा भाऊ, माझीही जोडी आहे. सुवर्णा पोह्यांचा डबा घेऊन गाडीत बसली. पंजाबी ड्रेस, पायात कॅनव्हासचे बूट. नाश्ता वाढायला बूट कशाले, विचारलं नाही.

सकाळी ९.३०. घाटमाथा. छोट्या हत्तीत बसून.
पहिलं वळण उत्तम. दुसऱ्याला चेनचा आवाज आला. जबाबदार कॅप्टन म्हणून तपासायला एक पाय खाली ठेवला. मग दुसरा. मग दगडावर बसलो. नागोरावनं हॉर्न मारून विचारलं, भाऊ, टेकला का? म्हटलं, टेकला नाही, ठेवला. कुलदीप पुढून ओरडला की नियमात ठेवण्याची सोय नाही.

सुवर्णा उतरली. सायकल घेतली आणि न पाहता सीटची खिटी सैल केली. कुकरच्या झाकणावर रोज जातो तसा हात गेला तिचा. सीट दोन बोटं खाली केली, बसली आणि गेली.

मी त्या दोन बोटांकडे पाहतच राह्यलो. नागोराव म्हणे, बसा भाऊ, पोहे थंडे होतात.

राहिलेली पाच वळणं तिनं एकदाही पाय न टेकता काढली. वर पोचून हसली तेव्हा लाज वाटली आणि, खोटं काऊन लिहू, अभिमानही वाटला.

संध्याकाळी ७.१५
ग्रुपवर नवीन कॅप्टनचं नाव लागलं. ३१ अंगठे. माझाही एक त्यात आहे.

सुवर्णा पाट मांडून बसली. म्हणे, खांदे भरून आले, शेका. मी वाटीत हळद-लोणी कालवलं, पळसाचं पान आणलं, दोन्ही खांदे चोळले. म्हणे, आता ते म्हणा. म्हटलं. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

पोळ्याला बैलाकडून काम करवून घेत नाहीत, म्हणे. त्यामुळे उद्या ती पहाटे राइडला जाणार, पुरणपोळी मी करायची. आणि सीट वर करू नका, म्हणे.

चण्याची डाळ भिजत घातली आहे. अलार्म साडेचारचा लावला.