कोठीच्या दाराबाहेर

प्रिय अप्पा,

परवा तुमचं वर्षश्राद्ध. आत्या कालच ओरत्तनाडूहून बसने आली आणि आल्या आल्या स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मी तुमच्या मेजाशी बसले आहे आणि समोर माझ्याच नावाचा एक बंद लिफाफा आहे. तो गुरुवारी आला, अजून उघडलेला नाही. म्हणून तुम्हाला लिहिते आहे. या घरात बंद लिफाफ्याचं काय होतं हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

तुम्हाला आतड्याचा आजार झाला तेव्हाच डॉक्टरांनी मलाही तपासून घ्यायला सांगितलं होतं. मी टाळत राहिले. शेवटी गेले, तर त्यांना आत एक गाठ दिसली, आणि तिचा तुकडा तपासायला पाठवला. निकाल फोनवर पाठवू का, असं तिथल्या मुलीनं विचारलं. मी म्हटलं, नको, कागदच द्या. फोनवरचं चटकन दिसून जातं, कागद ठेवून देता येतो. बघा, तुमची लेक किती हुशार!

आत्यानं लिफाफा पाहिला. ती म्हणाली, "श्राद्ध होऊं दे बाई, मग पाहूं. अप्पाच्या दिवसाआधी कशाला तें?"

मी इथल्या तमिळीतलं "बरं" म्हटलं, "सरी."

अप्पा, हे मी दुसऱ्यांदा म्हटलं. पहिल्यांदा दीड वर्षापूर्वी म्हटलं होतं, तुमचा रिपोर्ट आला त्या दिवशी. पक्ष नुकताच लागला होता. पितरांच्या त्या पंधरवड्यात आपल्याकडे नवं काही सुरू करायचं नाही, औषधसुद्धा नाही. तेव्हाही आत्या असंच म्हणाली आणि मी तो लिफाफा कोठीत तांदळाच्या डब्यामागे सारला. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी बाई मी! तिथी पाहून इलेक्ट्रॉन वागत नाही हे मुलींना सांगणारी. रिवाज आत्याचा होता, पण भीती माझी होती, आणि मला तिच्यावर घालायला पांघरूण हवं होतं.

अमावास्या सरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिफाफा फोडला, वाचला, तोंड धुतलं आणि तुमच्यापाशी येऊन म्हटलं, "रिपोर्ट आजच आला, अप्पा." तुम्ही तो घेतलात, घडी घातलीत. मग म्हणालात, "सरी," आणि कॉफी मागितलीत.

डॉक्टरांना मी विचारलं होतं, पंधरा दिवस आधी आलो असतो तर? ते म्हणाले, बहुधा फरक पडला नसता, पण नसताच पडला असंही सांगता येत नाही. त्या "बहुधा"वर मी तुमच्या उशाशी पाच महिने काढले आणि नंतरचं हे सबंध वर्षही.

आठवतं का, एम.एस्सी.ला तुम्ही माझे सर होता? दरवर्षी तुम्ही तो एक प्रश्न घालायचात आणि त्यात आमची आत्या असायची. समजा, माझी बहीण कोठीत आहे आणि दार बंद आहे. तिच्यापाशी एक इलेक्ट्रॉन आणि तो वर की खाली हे दाखवणारं यंत्र. तिनं पाहिलं, तिला "वर" दिसलं. बाहेर झोपाळ्यावर माझी लेक उमा. उमाच्या समीकरणात मात्र अजून दोन्ही उभं आहे, आत्यानं वर पाहिलं हेही आणि खाली पाहिलं हेही. आता सांगा, निकाल लागला की नाही?

वर्ग हसायचा. घरी हे कळलं तेव्हा आत्या म्हणाली होती, "मला कशाला कोंडितोस रे कोठींत? तुझ्या इलेक्ट्रॉनाला कोंड."

मी उत्तर दिलं होतं की दोघींचा निकाल आपापला. आत्यापुरता लागला, माझ्यापुरता नाही, आणि दोघींच्या वर उभं राहून पाहणारा तिसरा कुणी नसतो. तुम्ही खडू ठेवलात. "जग एकच आहे, उमा. ज्याच्या त्याच्या हातावर वेगळं सत्य ठेवायला तो प्रसाद नव्हे," म्हणालात. मग बाहेरचीचं समीकरण चुकलंय का, असं मी विचारलं. तिथून आपला वाद सुरू झाला आणि वीस वर्षं जेवणाच्या पानावर चालला. प्रत्येक निकालाला एक वेगळं जग फुटतं, हे मत तर तुम्हाला मुळीच खपायचं नाही. एकच घर झाडताना कंबर मोडते, म्हणायचात.

आणि दरवर्षी एक ताकीद. लिफाफ्यातल्या कागदाला हे लावू नका. कागदावरची शाई केव्हाच वाळलेली असते, तुम्हाला माहीत नाही एवढंच. इलेक्ट्रॉनाचं तसं नाही; त्याची सगळी उत्तरं आधीच लिहून ठेवलेली होती आणि दूरचं काही त्यांना हलवत नव्हतं असं धरलं, तर प्रयोगातली मोजमापं जुळत नाहीत. हा फरक कळला नाही तर पुढे शिकू नका, म्हणायचात. मला फरक पक्का कळला होता. तरीही लिफाफा तांदळामागे होता तोवर तुम्ही बरे आहात, असं मी पंधरा दिवस मानलं. शरम वाटते, अप्पा.

सोमवारी मला वर्गात तोच धडा घ्यायचा आहे. गेल्या वर्षी मी तो वगळला. आज सकाळी तुमची लांब वही काढली. कोठीतल्या आत्याचं पान उघडलं, तर समासात पेन्सिलीनं चार ओळी होत्या. तमिळ अक्षरांत मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आपल्या घरची नेहमीची रीत.

"पक्षाचा तिसरा दिवस. तांदळाच्या डब्यामागें लिफाफा मिळाला. वाचला. खळ लावून होता तसा ठेवला. उमा अजून बाहेर आहे. ती सांगेल तेव्हां सांगेल."

मी ते तीनदा वाचलं. मग आठवलं की लिफाफा फोडताना कड जरा कडक लागली होती, पांढरट. मला वाटलं होतं, त्यांचा डिंक तसा असेल.

तुम्ही पाहिलं होतं! मग बारा दिवस गप्प कसे राहिलात? त्या दिवसांत तुम्ही आजीचं श्राद्ध केलंत, पिंड ठेवलेत, पानावरची अंबट भाजी दोनदा मागून घेतलीत, माझ्या वर्गातल्या मुलींचे पेपर तपासताना त्यांच्या चुका मला वाचून दाखवून हसलात. मी तुमच्यापासून लपवते आहे हे मला माहीत होतं. तुम्ही माझ्यापासून लपवताय हे माहीत नव्हतं. आणि मी खोटं बोलले तेव्हा तुम्ही ते मला बोलू दिलंत! थांबवायचं नाही का, अप्पा?

का केलंत तसं? मला सांभाळायला? पक्ष मोडू नये म्हणून? की तुम्हालाही भीती वाटली? हेच विचारायचं आहे, आणि आता विचारायला कोण आहे? आज सकाळी मी हिशेबही करून पाहिला, तीन दिवस माझे आणि बारा तुमचे. मग वही मिटली आणि रडले. असं वाटून घेतल्यानं माझा वाटा कमी होत नाही. लिफाफा तिथे ठेवला मीच होता.

तुम्ही शिकवायचात की जो प्रश्न इलेक्ट्रॉनाला विचारलाच नाही, त्याचं उत्तर काय आलं असतं ते विचारू नये. पण माणसाचं काय? पहिल्या दिवशी लिफाफा उघडला असता तर काय झालं असतं, हे मी रोज विचारते. तुमचं शास्त्र मला इथे अडवत नाही आणि सोडवतही नाही.

आणि आपल्या वादाचं काय झालं ते पाहिलंत? जग एकच म्हणणारे तुम्ही बारा दिवस दोन जगांच्या घरात राहिलात. निकाल ज्याचा त्याचा म्हणणारी मी तशीच राहिले आणि मला ते सोसत नाही. इलेक्ट्रॉनाबद्दल माझं मत मी मागे घेत नाही, अप्पा, रागवू नका. पण एका छपराखाली जेवणाऱ्या माणसांनी असं राहू नये. आपण दोघं एकत्र घाबरलो असतो तर मला ते चाललं असतं.

म्हणून तुम्हाला शब्द देते. सोमवारी धडा वगळणार नाही. मुलींना प्रश्न घालीन आणि मला उत्तर माहीत नाही हे त्यांना सरळ सांगेन. श्राद्धाच्या दिवशी तुमच्या समासातल्या ओळी आत्याला वाचून दाखवीन, तिला तमिळ अक्षरं येतात, पण वाचेन मीच. माझी तांदळामागची गोष्टही तिला सांगेन. ती मला रागवेल, रागवू दे.

आणि तिसरी गोष्ट श्राद्धापर्यंत थांबणार नाही. मी आत्ताच आत्याला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि माझ्या हातातला लिफाफा पाहून दारातच थांबली.

"आत्तां?" ती म्हणाली.

"आत्ता, आत्या. ये, इथे माझ्याशेजारी बैस. दोघी एकदम वाचू."

ती बसली आहे, अप्पा. चष्मा शोधते आहे. तिला तो सापडला की लिफाफा फोडते.

तुमची,
उमा