चार बोटांवर अडलेलं पीक

११ एप्रिल
उगवली! सगळी नाही, पण उगवली! दगडांच्या फटीफटीतून दोन-दोन पानं काढून किफची म्हणजे गांजाची रोपं उभी आहेत. सासूबाईंना हाताला धरून शेतात नेलं. "मला काही दिसत नाही," म्हणाल्या. मग वाकून एक पान चाचपलं. "हं. आहे खरं."

या डोंगरात किफ सगळेच पेरत आले, पण पोलिसांच्या गाडीचा आवाज कानात ठेवून. आता औषधांसाठी परवाना मिळतो, आणि तो माझ्या नावावर आहे! गावात परवाना घेणारी पहिली बाई मी. हम्मू असता तर चहा सांडेपर्यंत हसला असता. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. घरात आता मी आणि त्याची आई.

१९ एप्रिल
तेवढीच आहेत.

२७ एप्रिल
अजून तेवढीच! चार बोटं. जमिनीला चिकटून बसलीत मेली. रात्री अजून गारठा पडतो, पण गारठा काय फक्त माझ्याच शेतात पडतो?

बांधापलीकडे अल्लालचं शेत. त्याचं बी परदेशी, विहिरीवर मोटर. त्याची रोपं वीतभर झाली. माझं बी गावठी, सासऱ्यांच्या वेळचं. संध्याकाळी अल्लाल बांधावर आला, टोपी मागे सारून बघत राहिला. मग अदबीने म्हणाला, "लाल्ला तामू, हळू बोलू या का? झोपलीत वाटतं."

मी म्हटलं, "तुमची तरी कुठे जागी आहेत? पाणी पिऊन सुजलीत नुसती."

हसला. बायको गेल्यापासून एकटाच असतो. दोन्ही मुली लग्न होऊन तँजियरला.

३ मे
मूर्खपणा केला. शेळ्यांच्या लेंड्या पाण्यात कुजवून तो काढा वरच्या कोपऱ्यातल्या रोपांना घातला. दोनदा! त्यांची टोकं करपली, पानं चिमटली. सासूबाई — "बाळाला कुणी वाडगाभर बिसारा पाजतं का गं?" आणि वर स्वतः त्या घट्ट कढणाचा दुसरा वाडगा घेतला, तेल ओतून.

आता काही घालणार नाही. हात बांधून बसणार.

४ मे
बसवत नाही.

९ मे
अल्लाल रोज येतो. काही ना काही बोलतो. आज म्हणे, "एखादं गाणं म्हणून बघा." मी म्हटलं, माझा आवाज ऐकून उरलीसुरलीही आत जातील. तर म्हणाला, "मी ऐकलाय. वाईट नाही." कधी ऐकला?

नणंद आली होती — रहिमो. घरात पाऊल टाकण्याआधी बोलायला सुरुवात! "अगं वेडे, तो तुझ्या रोपांसाठी येतो असं वाटतं तुला? झऱ्याच्या पाण्याची पाळी तुझी. मोटरवर भागत नाही त्याचं. डोळा पाण्यावर आहे!"

खरं असेल. मी इतकी खूश कशाला होते कोणी आलं की?

१० मे
तोंडावर विचारलं. "सी अल्लाल, पाणी हवंय ना? सरळ मागा की."
कानापर्यंत लाल झाला. टोपी पुढे ओढली. गेला.

१६ मे
आला नाही. बरं झालं. शांतता आहे.

१८ मे
फार शांतता आहे.

२१ मे
परवानेवाल्यांच्या सोसायटीची तपासनीस आली. तरुण मुलगी, बूट चिखलाने भरलेले, चालून चालून घामाघूम. मी आधीच सांगून टाकलं, बाई, पीक बसलंय, नाव कापायचं तर कापा, पण चहा घेऊन कापा. पीक बसलेली शेतं यादीतून जातात, सगळ्यांना माहीत आहे. मग पुन्हा परवाना कोण देतो, आणि तोही बाईला!

ती उकिडवी बसली आणि एक रोप मुळासकट उपटलं. माझा जीव गेला! पण मूळ येतंय, येतंय, संपेचना. वर चार बोटं, खाली माझ्या कोपरापर्यंत! "इतके दिवस ही खालीच वाढत होती. गारठ्यात वर येऊन करतील काय?" म्हणाली. "जूनमध्ये परत येते. तेव्हा मात्र गुडघ्याला लागायला हवीत." जाताना चहाचे तीन पेले प्यायली.

सासूबाईंनी ते मूळ उशाशी ठेवलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात.

२ जून
पूर्वेचा वारा सुटला. गरम! अंगाची लाही होते आणि मी आनंदाने नाचते. घोट्यापर्यंत आली!

९ जून
काल होती तिथे आज नाहीत — वर गेली. कानाला ऐकू येईल असं वाढतात. सासूबाई काठी टेकून उभ्या राहतात नि म्हणतात, "सावकाश, सावकाश, पडाल."

१२ जून
अल्लालच्या विहिरीचा तळ लागला. मोटर नुसती गुरगुरते. त्याचं पीक माना टाकून उभं. आता येईल पाणी मागायला, असं वाटलं. दुपार गेली, संध्याकाळ गेली. आला नाही. खांद्यावर घागर घेऊन खालच्या ओढ्यापर्यंत खेपा घालत होता, एका एका झाडाला पाणी घालत. या वयात!

बघवेना. माझ्या पाळीचं पाणी आलं तसा पाटाचा दगड काढला आणि अर्धं त्याच्या शेतात सोडलं.

घागर घेऊन तसाच उभा. "मी मागितलं नव्हतं."
"म्हणूनच सोडलं."

रहिमोचं तोंड पाहण्यासारखं होतं!

१३ जून
बांधावर आला. तिथलं तण उपटायला बसला. मीही बसले. बराच वेळ.

२० जून
तपासनीस येऊन गेली. गुडघा कसला, कमरेला लागली! नाव कायम. तिने माझ्याशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन केलं. वरचा करपलेला कोपरा बघून "इथे काय झालं?" विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "तिथे सुनेने स्वयंपाक केला होता."

२६ जून
सासूबाईंनी अल्लालला चहाला बोलावलं. मला वाटलं, पाटाचं काहीतरी असेल. किटली घेऊन आत जाते तो त्या म्हणत होत्या, "सून मी कुणाला देणार नाही. तुला हवं तर तू ये इथे राहायला." तो म्हणाला, "आधी तिला विचारा." दोघं माझ्याकडे बघायला लागले. चहा पेल्याबाहेर चाललेला.

हो म्हटलं!