रंगाखालचे जोड

१२ जानेवारी, सोमवार

ठरलं. पावडर कोटिंग. स्प्रे बंद!

सकाळी उमंग गाळ्यावर आला तो गेल्या वर्षीचं कॅरियर हातात घेऊनच. विरारच्या त्याच्या बाइकवाल्या ग्रुपला मागे सामान बांधायला आमचीच कॅरियर लागतात — हाताने वाकवलेली, हाताने वेल्डिंग करून जोडलेली. पण याच्या कोपऱ्यांवर रंगाचे पापुद्रे सुटलेले, खाली तांबडा गंज. तक्रार केली नाही बिचाऱ्याने. महिनाअखेर नाही, पुढच्या महिन्याच्या अखेरीला कच्छला चाललेत. बारा नवीन हवीत, पण पावडर कोटिंग केलेली. नाहीतर ऑनलाइन मागवतील.

मी लगेच म्हटलं, हो रे, रंगच कच्चा निघाला.

हरिश्चंद्रकाका मागेच उभे होते, हातात स्प्रेची गन. नोझल पुसत बसले. माझ्या जिभेला हाड नाही हे घरात माहीत होतंच, आता गाळ्यालाही कळलं.

बावीस वर्षं काका इथे रंग मारतायत. आधी पप्पांच्या कामावर, पप्पा गेले त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून माझ्या. पावडर बाहेरून करून घ्यायची तर काकांनी इथे करायचं काय? दिवसभर हा प्रश्न टाळला. संध्याकाळी त्यांना सांगितलं, डॉक्टरांनी थिनरपासून लांब राहायला सांगितलंय ना, तुमच्या खोकल्यासाठी करतेय. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं त्यांनी सकाळी ऐकलं होतं.

१४ जानेवारी, बुधवार

काकांनी तिळगूळ आणला. मनोरमाकाकूंच्या हातचा, दगडासारखा. देताना म्हणायचं ते म्हणाले आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

दुपारी दोन गल्ल्या सोडून देवेंद्रच्या प्लांटवर जाऊन आले. काय काम आहे! कोरडी पावडर विजेवर लोखंडाला चिकटते, मग भट्टीत दोनशे डिग्रीला वितळून घट्ट बसते. ओघळ नाही, वास नाही, दोन दोन दिवस वाळायची वाट बघणं नाही. देवेंद्रने एका पाइपवर किल्ली खर्रकन ओढून दाखवली. ओरखडा नाही! मी तर प्रेमातच पडले. तो म्हणाला, आधी पाचच पाठवा, बघू. लोखंड उघडं पाहिजे — तेल नको, रंग नको, वर काही म्हणजे काही नको.

परत येऊन काकांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, उघडं म्हणजे अगदी उघडं? हो म्हटलं.

"पावडरखाली सगलं दिसतं, बाय."

दिसू दे की! पप्पांचा हात आहे माझा. अजूनही चर्चमध्ये मिस्सा सुटल्यावर कोणी ना कोणी पप्पांचं नाव काढतंच — व्हॅलेरियनचा जोड बोटाला लागायचा नाही. माझाही लागत नाही. रंगून तयार झालेल्या प्रत्येक कॅरियरवर मी स्वतः बोट फिरवून बघते.

१६ जानेवारी, शुक्रवार

शुक्रवारी वालीवला, गाळ्याच्या भागात, लाइट बंद, म्हणजे सुट्टी. आईबरोबर पप्पांची स्कूटर पुसली. अंगणात ताडपत्रीखाली उभी असते. चालत नाही, पण आई विकू देत नाही. मागचं कॅरियर पप्पांनी केलेलं, काका गाळ्यावर आले त्या वर्षीचं. काळा रंग काकांचा. आता उडायला लागलाय.

हेही पावडर करून घेऊ म्हटलं. १ मार्चला पप्पांच्या पुण्यतिथीची मिस्सा आहे, त्याच्या आत. आई एवढी खूश झाली की मला दोनदा जेवायला वाढलं.

१९ जानेवारी, सोमवार

पाच कॅरियर जोडून तयार. टेम्पोवाल्याला फोन करत होते तर काका म्हणाले, आज राहू दे, उद्या मीच नेतो. रंग मारायचा नाही तर निदान नेऊन तरी देतो.

एवढं बरं वाटलं! राग गेला वाटतं. म्हटलं, काका, गाळा आहे तोवर तुम्ही आहात. त्यांनी मान हलवली. काम काय करणार, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

२० जानेवारी, मंगळवार

मी पोचायच्या आधीच पाचही कागदात गुंडाळून, सुतळीने बांधून ठेवलेली. काका रिक्षात मांडीवर घेऊन गेले, जसं काही तान्हं बाळच.

२२ जानेवारी, गुरुवार

सत्यानाश.

पाचही आली. कोपऱ्याकोपऱ्यावर फोड! दोन ठिकाणी पावडर तडकून टवका उडालेला. एक उचललं आणि तशीच देवेंद्रच्या प्लांटवर गेले. त्याच्या सगळ्या माणसांसमोर तोंडाला येईल ते बोलले. त्याने ऐकून घेतलं. मग एक फोड किल्लीने उकरला. आतून करपलेला भुगा पडला.

"मॅडम, ही लांबी आहे. खाली तुमच्या जोडाला भोकं आहेत."

लांबी म्हणजे पेंटर लोक गाडीचे खड्डे बुजवायला भरतात ती पेस्ट. स्प्रेच्या रंगाखाली वर्षानुवर्षं गप बसते, भट्टीत फुगते. मी म्हटलं, आमच्याकडे लांबी वापरतच नाहीत. तेव्हा त्याचा एक माणूस हळूच म्हणाला की घेऊन आले होते त्या काकांना विचारलं होतं, ते म्हणाले ही भट्टीत टिकणारी आहे. मी वाकून बघितलं. सुईच्या टोकाएवढी भोकं, एकाशेजारी एक. माझ्या जोडात.

गाळ्यावर येऊन कॅरियर काकांसमोर ठेवलं. कधीपासून, विचारलं.

"तू रॉड हातात घेतलास तवापासनं."

सहा वर्षं! पप्पा होते तेव्हापासून. रोज मी घरी गेले की घासायचं, भरायचं, परत घासायचं आणि वर रंग. सोमवारीही रात्री उशिरापर्यंत बसून पाचही भरली. दुकानदाराने शपथेवर सांगितलं होतं म्हणे, की ही लांबी कितीही तापली तरी हलत नाही.

"परक्याच्या हातात तुजे जोड उघडे द्यायला जीव झाला नाय."

यावर माणसाने काय म्हणायला हवं होतं? मी म्हटलं, तुम्ही मला सहा वर्षं फसवलंत. येऊ नका असं नाही म्हटलं, पण आवाज तोच होता. काकांनी डब्याची पिशवी घेतली आणि गेले.

२३ जानेवारी, शुक्रवार

लाइट बंद. बरंच झालं.

२४ जानेवारी, शनिवार

काका आले नाहीत.

उमंगने आणलेलं जुनं कॅरियर पडलं होतं. रंग काढायचं औषध लावलं, तारेच्या ब्रशने घासलं. बघायचंच होतं. गंज रंगातून आलाच नव्हता. जोडातल्या भोकातून सुरू झालेला, लांबीच्या खालून पसरत गेलेला, आणि त्याने रंगाला आतून ढकललेलं. सरळ पाइपवर जिथे जोड नाही, तिथे काकांचा रंग परवा मारल्यासारखा होता.

म्हणजे कच्चं होतं ते माझं काम. आणि मी उमंगसमोर काकांचा रंग कच्चा म्हटलं. त्या सकाळी नोझल पुसताना त्यांना हे सगळं ठाऊक होतं! एक शब्द बोलले असते तर सुटले असते. नाही बोलले.

लाज वाटते. इथे लिहितानाही वाटते.

२६ जानेवारी, सोमवार

फुलपाड्याला काकांकडे गेले. मनोरमाकाकूंनी चहा दिला, खारी दिली आणि आत जाताना सांगून गेल्या की चार दिवस हा माणूस घरात धड बोलला नाही. काका टीव्हीवर संचलन बघत होते. मी आधी रंगाबद्दल माफी मागितली. उमंगला फोन करून खरं काय ते सांगितलंय, तेही सांगितलं. (उमंग हसला. वीस तारखेपर्यंत थांबतो म्हणाला. देव भलं करो त्याचं.) काका टीव्हीकडेच बघत होते.

मग म्हटलं, "काका, रंगवायला नाही बोलावत. चुका दाखवायला या."

"दाखवल्या तर रागावशील."

"रागावेन. तरी दाखवा."

टीव्हीवर उंट आले, गेले. मग काका म्हणाले की पाइप वळतो तिथे माझा हात पळतो. सरळ रेघेत चांगला चालतो, वळण आलं की घाई. दर वेळी भोक तिथेच. सहा वर्षं तेच भोक बुजवतोय!

माझ्या हाताबद्दल एवढं मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

२७ जानेवारी, मंगळवार

काका आले. मी एक कॅरियर जोडलं, त्यांनी खडू घेतला आणि जिथे जिथे गडबड तिथे गोल काढले. एकतीस.

मी हेल्मेट आपटलं. काकांनी चहा पिऊन घेतला. मग परत पहिल्यापासून.

३ फेब्रुवारी, मंगळवार

अकरा!

देवेंद्रकडे जाऊन माफी मागून आले. हा महिना माफी मागायचाच दिसतो. त्याने मी नेलेले वेल्डिंगचे रॉड बघितले, दमट आहेत म्हणाला, खाडीची हवा खाऊन बसलेत, त्यानेही भोकं पडतात. आता रॉड आधी त्याच्या भट्टीवर वाळवून आणते. सगळा दोष माझा नव्हता तर! थोडा दोष खाडीचा. काकांना हे सांगितलं तर त्यांनी खडूने आणखी एक गोल काढला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

लाइट बंद, तरी काका गाळ्यावर येऊन बसले. स्प्रेची गन उघडली, साफ केली, तेल दिलं, कपड्यात बांधून वरच्या फळीवर ठेवली. मी न बघितल्यासारखं केलं. तीन आठवडे झाले गन बंद आहे. खोकला पुष्कळ कमी आहे, पण हे त्यांच्यासमोर बोलायचं नाही, चिडतात.

१० फेब्रुवारी, मंगळवार

दोन. फक्त दोन.

काका आता डोळे मिटून जोडावर अंगठा फिरवतात. त्यांच्या अंगठ्याला जे कळतं ते मला भिंग लावूनही दिसत नाही. मी म्हटलं, पप्पांच्या कामाला एकही गोल पडला नसता ना?

काका म्हणाले, चहा निवतोय.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज एका कॅरियरवर खडू लागलाच नाही. काकांनी दोनदा अंगठा फिरवला. उलटं करून परत एकदा. मग खडू खिशात टाकला.

"पाठव."

मी गाळ्याच्या मागे जाऊन रडून आले. धूर गेला डोळ्यात म्हणून सांगितलं. मशीन बंद होतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

राखेचा बुधवार. सकाळी चर्चमधून कपाळाला राख लावून थेट गाळ्यावर. दुपारपर्यंत राख कुठली आणि ग्राइंडरची धूळ कुठली, आईलाही ओळखता आलं नसतं.

बाराही आली देवेंद्रकडून! काळी, मऊ चमक, एका वळणावर फोड नाही. उमंगने स्वतः किल्ली ओढून बघितली. मग किल्लीकडेच बघत बसला. काका म्हणाले, रंग जरा मेल्यासारखा वाटतो. मग शेवटचं कॅरियर बांधून होईपर्यंत त्याच्यावरून हात फिरवत होते.

"वगल नाय एक पन," म्हणजे ओघळ नाही एकही. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

आणि हे लिहायलाच हवं — देवेंद्रने विचारलं, त्याच्याकडे इतरांचा माल येतो तोही भट्टीत घालण्याआधी काका सकाळी तपासतील का. काकांनी विचार करायला एक दिवसही घेतला नाही. एकच अट घातली. खुर्ची हवी, पाठ असलेली. सकाळी तिथे, दुपारपासून इथे. माझ्याकडचा एकही तुकडा त्यांच्या अंगठ्याखालून गेल्याशिवाय बाहेर पडणार नाही, हे मी दारावर लिहून लावणार होते. नको म्हणाले. लोकांना वाटेल बाय स्वतःचं काम स्वतः बघत नाय.

अजूनही झाकायचंच!

२१ फेब्रुवारी, शनिवार

आईने पप्पांच्या स्कूटरचं कॅरियर काढून दिलं. पावडरला द्यायचं म्हणून औषध लावून जुना काळा रंग काढला. काका देवेंद्रकडून यायचे होते.

तिन्ही वळणांवर लांबी. उकरली तर खाली भोकं. अगदी माझ्या जागी! पप्पांचाही हात पळायचा.

आधी हसू आलं, मग रडू, मग दोन्ही. काका आले, कॅरियर बघितलं आणि दारातच थांबले. मी खडू त्यांच्या हातात दिला. म्हटलं, काका, गोल काढा. मिस्सेच्या आत जोडून द्यायचंय.