बोलावणं आलं तर याल का?

३ नोव्हेंबर २००७, शनिवार. डब्लिन, ओहायो

शेवटी गेलेच नाही. ह्यांची स्टेडियमवर न्यायची उशी शेजारच्या सीटवर ठेवली, गाडीचा पट्टा बांधला, गॅरेजचं दार उघडलं, आणि वीस मिनिटं तशीच बसले. मग परत घरात. मिथूला फोनवर सांगितलं, गुडघा धरलाय. "इट्स ओके, आई." ती ओके म्हणते तेव्हा ते नसतं. हे ह्यांना लगेच कळायचं.

कॉलेजच्या फुटबॉल टीमची घरच्या मैदानावरची ही शेवटची मॅच. मिथूचं कॉलेजचंही शेवटचं वर्ष. चार वर्षं मॅचच्या वेळी मैदानात चालत वाजवणाऱ्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवला पोरीने. पहिली तीन वर्षं हे एकूण एक मॅचला गेले. मी थालीपिठं लावायची, हे ती कोटाच्या आतल्या खिशातून चोरून न्यायचे. "तू पण चल," दर वेळी. मला थंडी, मला गुडघे. मार्चमध्ये हे गेले. सीट रिकामी.

मी तिला बँडबरोबर चालताना एकदाही पाहिलेलं नाही.

५ नोव्हें., सोम.

वॉल्टरचा फोन. ह्यांच्या शेजारच्या सीटवरचा, निवृत्त पोस्टमन. शनिवारी आपली टीम जिंकली म्हणे. सहा झाल्या. अजून एक जिंकली तर बाउलचं बोलावणं येऊ शकतं. सीझन संपल्यावर कुठल्याशा ऊबदार गावी एक मॅच, निवडलेल्यांचीच. टीम गेली की बँड जातो. म्हणजे मिथू आणखी एकदा चालेल!

फोन ठेवताना म्हणाला, ती तिखट भाकरी यंदा चुकली.

७ नोव्हें.

झोप नाही. वॉल्टरला काल सहज सांगितलं. ऑक्टोबरमध्ये ह्यांच्या नावाने कॉलेजचा फॉर्म आला होता. 'बाउलचं बोलावणं आलं तर याल का? किती जण?' ह्यांचे कागद मी सगळे वेळेवर निपटते. 'नाही' वर खूण केली, खाली सुवाच्य अक्षरात आभार मानले, पोस्टात टाकला.

वॉल्टरने मग सांगितलं. बाउलवाले रंगीत कोट घालून मॅच बघायला येतात, जिंकलेल्या मॅचेस तर मोजतातच. पण आपल्यासारखी दोन-तीन छोटी कॉलेजं सारखीच असली की विचारतात, कुणाच्या टीममागे माणसं जास्त येतील? स्टेडियम भरेल का, हॉटेलं भरतील का? मग कॉलेज हे फॉर्म पुढे करतं.

"म्हणजे माझं 'नाही' मोजलं?"

"एका 'नाही'ने काही होत नाही."

"पण मोजलं."

"हो. मोजलं असेल."

८ नोव्हें.

चकल्या तळताना सिस्टर बर्नडेट आठवली. नागपूरची शाळा, स्पोर्ट्‌स डेचा मार्चपास्ट. सगळ्यात सरळ रेषेत मी चालायचे, सिस्टर स्वतः म्हणाली होती. निवड झाली ती पांढरे कॅनव्हास शूज असलेल्या मुलींची. आईने रात्रभर माझ्या तपकिरी बुटांवर खडू घासला. सकाळी दवात दुसऱ्या पावलालाच सगळा उतरला. सिस्टर रागावली नाही. खांद्यावर हात ठेवून मला पाण्याच्या माठाजवळ उभं केलं. म्हणाली, कुणीतरी बघायलाही हवं ना.

तेव्हा बघत उभी राहिले. आणि पोरीच्या वेळी तेवढंही नाही.

१० नोव्हें., पाडवा

मंडळाची दिवाळी, शाळेच्या हॉलमध्ये. कॉलेजच्या ऑफिसात फोन केला होता. आणखी कोरे फॉर्म पाठवता येतात, कुणीही भरावेत. मी वही घेऊन टेबलाटेबलावर फिरले.

"काकू, फुटबॉल? तुम्ही?" शुभांगी. तिच्या ताटात माझंच श्रीखंड. "पायाने खेळतात तो, की हातात घेऊन पळतात तो?"

"हातात घेऊन पळतात तो."

"मग त्याला फुटबॉल का म्हणतात?"

"ते तुझ्या नवऱ्याला विचार, वीस वर्षं टीव्हीसमोर बसतोय."

नवरा म्हणाला, "काकू, तिथे व्हेज काय मिळतं, ते आधी सांगा."

तेवीस नावं. सगळे "नक्की! नक्की येणार काकू, मिथूसाठी नाही येणार तर कुणासाठी!" घरी येताना गाडीत गाणं म्हणत होते मी.

११ नोव्हें., भाऊबीज

सकाळी वही उघडून नावं पुन्हा वाचली. आपलं 'नक्की' मला माहीत नाही का? मीही हजार वेळा म्हटलंय. ह्यांना तर तीन वर्षं दर शनिवारी. 'पुढच्या वेळी नक्की.'

हे तेवीस होकार म्हणजे आईचा खडू. दुसऱ्या पावलाला उतरणार. रिकाम्या खुर्च्या दिसल्या की पुढच्या वर्षी त्या पोरांना कोण बोलावेल?

दिवसभर फोन. एकच प्रश्न, "खरंच येणार का? नाही म्हणालात तर राग नाही." आधी सगळे दुखावले. मग हळूहळू… कुणाची इंडियाची तिकिटं, कुणाची सासू येतेय. शुभांगी रडवेली झाली, "काकू, मला नाही म्हणताच येत नाही हो." म्हटलं, अगं, मलाच कुठे यायचं.

राहिले सहा. सहाच पाठवले.

१२ नोव्हें.

कॉलेजच्या तिकीट ऑफिसला परत फोन. बाईंना म्हटलं, मी एक 'नाही' पाठवलंय, ते 'हो' करायचंय. हसल्या नाहीत. "सीट कुणाच्या नावाने ठेवू, मॅम?"

"त्यांच्याच राहू दे. येईन मी."

२२ नोव्हें., थँक्सगिव्हिंग

मिथू घरी. तिला सगळं सांगितलं, गुडघ्याच्या खोटेपणासकट. बराच वेळ बटाटे सोलत राहिली.

"मला माहीत होतं, आई. बाबा असताना पण माहीत होतं."

"काय?"

"यू डोन्ट लाइक बीइंग व्हेअर आय कॅन सी यू क्राय."

आणि पुढे, "सहा जण? सीरियसली? आई, दॅट्स सो लेम." मग मिठी. हातातलं सोलणं तसंच, माझ्या पाठीला टोचत होतं.

२४ नोव्हें., शनि.

परगावची मॅच. वॉल्टरने फोन टीव्हीशी धरला, आमच्याकडे तो चॅनल नाही. जिंकलो! सात. पण तेवढ्याच जिंकलेली आणखी दोन कॉलेजं, आणि जागा एक. त्यातल्या एकाची माणसं बसेस भरून येतात म्हणे.

"आणि आपली?"

"आपली आता बरी येतात," वॉल्टर म्हणाला. "एक बाई नव्याने येतेय, ऐकलं."

१ डिसें.

दोन थालीपिठं करून पाहिली. ह्यांच्या कोटाचा खिसा फाटलाय, इतकी वर्षं कळलं कसं नाही. शिवला.

२ डिसें., रविवार

बाउलचं आज ठरतं. कधीही फोन येईल. मिथू काल रात्रीच आली, ट्रॉम्बोनसकट. सकाळपासून आम्ही दोघी स्वयंपाकघरात, तिचा फोन ओट्यावर, दोघी त्याच्याकडे बघत नाही.

अकराला एकदम उठली. "चल, बाहेर."

"बर्फ आहे."

"कोट घाल. बाबांचा."

ड्राइव्हवेच्या टोकाशी जाऊन ताठ उभी राहिली. कानटोपी, घरातला पायजमा, बूट. मी गॅरेजच्या दारात, ह्यांची उशी खुर्चीवर टाकून, त्यावर बसले. समोरचे म्हातारे शेजारी हातातलं फावडं टेकून थांबले.

वाजवत चालत आली. गुडघा कमरेपर्यंत, पाऊल पुढे, पुन्हा गुडघा. रेषा इतकी सरळ की माझी पाठ आपोआप ताठ झाली. माझ्यापाशी आली, वळली, परत निघाली. मी रडत होते, तिला दिसत होतं, आणि मी जागची हलले नाही.

आत ओट्यावर फोन वाजू लागला. दार उघडंच होतं, तिलाही ऐकू गेला असणार. मी उठणार, तेवढ्यात वाजवता वाजवताच तिने मानेने नाही म्हटलं.

अजून अर्धं गाणं बाकी होतं. मी बसून राहिले.