डावीकडं वळणारी होडी

१२ जानेवारी, रविवार

खोकं आलं! संयोगिता स्वतः पुण्याहून गाडीतून घेऊन आली. "एवढ्या लांबून नात आली ती खोक्यासाठी, आमच्यासाठी न्हवं," असं ही तोंडावर म्हणाली. ही म्हणजे धोंडुबाई. इथं नाव लिहायला काय हरकत आहे, वाचणार कोण! पोरगी नुसती हसली.

खोक्यात टीव्हीखाली ठेवायची एक काळी पट्टी, तिला मधोमध डोळा. आणि दोन दांडकी. दांडकी दोन्ही हातांत धरून डोळ्यासमोर उभं राहायचं. आपण हललो की टीव्हीतला बाहुला हलतो. खेळ अजून बाजारात आलेला नाही. संयोगिताच्या कंपनीनं तो पोरासोरांवर करून बघितला, म्हाताऱ्यांवर नाही. "आबा, म्हातारं माणूस कसं हलतं हेच आमच्या मशीनला माहीत नाही. तुम्ही रोज खेळायचं. तुमचा फोटो कुठं जात नाही, नुसता काड्यांचा माणूस येतो आमच्याकडं." आणि बाजारात येईपर्यंत कुणाला दाखवायचं नाही. तशी कागदावर सही घेतली. सही करताना मी डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं. कुणी बघितलं नाही. नसावं.

दुसरीकडे बोलायची सोय नाही म्हणून इथं लिहितो. माझा उजवा हात थरथरतो. दिवाळीपासून. सगळी नोकरी कारखान्यात लेथ मशीनवर काढली, सुताचा फरक पडू दिला नाही, आणि आता चहा घेताना बशी वाजते! शेजारच्या गणपतरावांचं असंच झालं. हात हलतो म्हटल्यावर पोरगा त्यांना बंगळूरला घेऊन गेला. इथल्या घराला कुलूप. फोनवर म्हणतात, "आकाराम, हितं खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची खिडकी." आमचा ज्ञानूही पुण्यात एक खोली रिकामी ठेवून बसलाय. आबा, मोपेड विका, आबा, उचगाव सोडा! बाप आहे संयोगिताचा, प्रेमानंच म्हणतो. पण त्याला निमित्त पाहिजे, आणि ते माझ्या मनगटात आहे.

शिवाय फजिती झाली. खेळायच्या आधी सवयीनं खाली वाकलो, फरशीला हात लावून कपाळाला लावला. लेथवर उभं राहताना पायाखालच्या फळीला लावायचो, तसा. तर टीव्हीवर लाल पाटी — खेळाडू पडला! खेळ बंद. संयोगिता हसत हसत खाली बसली, तर पुन्हा लाल पाटी.

१३ जानेवारी, सोमवार

दांडकी धरली. बाहुल्यानं उजवा हात वर केला आणि — थरथरला. माझ्यापेक्षा जास्त! टीव्ही मोठा, त्यामुळे थरथरही मोठी. लगेच बंद केलं. हिला म्हटलं, लाईट गेली. डोक्यावर पंखा फिरत होता.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळाचा डबा माळ्यावरून काढताना हिचं डोकं लोखंडी फळीवर आपटलं. उजव्या कानाच्या वर हे एवढं टेंगूळ. मी घाबरलो, दवाखान्यात चल म्हटलं. "गप बसा, एवढ्यानं कोण मेलंय काय?" म्हणाली आणि हळद दाबून वड्या थापायला बसली.

समोरची बनाबाई तिळगूळ घेऊन आली तेव्हा घाईनं टीव्हीवर चादर टाकली. "टीव्हीला थंडी वाजती व्हय?" काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही. सही केलीय. बनाबाईनं काही बघितलं असलं तर?

१६ जानेवारी, गुरुवार

संयोगिताचा फोन. "आबा, तीन दिवस काहीच आलं नाही." सर्दी झाली म्हटलं. रात्रभर काय, दिवसभरही तेच डोक्यात. खेळलो तर हात दिसणार. नाही खेळलो तर ज्ञानू विचारणार, आबांना झालंय काय!

१७ जानेवारी, शुक्रवार

सुचलं! काड्यांचा माणूस! काड्यांना साडी असते काय?

हिला म्हटलं, माझ्या जागी तू खेळ. माझा गुडघा दुखतोय.

"मी? पदर खोचून टीव्हीपुढं नाचू?"

"कोण बघतंय? ते फक्त काड्या बघतंय. उंचीला तू माझ्याएवढीच हाईस."

"आणि नाव तुमचं?"

"नाव माझंच."

"मंग बक्षीस लागलं तर कुणाचं?"

पण उठली. उठताना तिनं माझ्या हाताकडं बघितलं. गुडघ्याकडं नाही. 

वाकून नमस्कार मात्र मीच करायचा असं ठरलं, म्हणजे संयोगिताला रोजच्यासारखं वाटेल. हिला सांगितलं तर म्हणते, "टीव्हीपुढं वाकायला त्यो काय खंडोबा हाय?" मी वाकतो, लाल पाटी येते, मी बाजूला होतो, ही पुढं होते.

होडीचा खेळ तिला आवडला. दोन हातांनी दोन वल्ही मारायची, तळ्याच्या पलीकडं झेंड्यापर्यंत जायचं. पहिल्याच दिवशी सरळ गेली. सूत धरल्यासारखी! पोहोचल्यावर टीव्हीतल्या बाहुल्याला म्हणाली, "बघितलास?"

२५ जानेवारी, शनिवार

संयोगिताचा फोन. "आबा, ऑफिसात सगळे तुमच्यावर खूश आहेत. काय स्थिर हात आहेत हो तुमचे!" ज्ञानूनं फोन घेतला. "आबा, मोपेड राहू द्या तुमच्याकडं." मी व्हय व्हय म्हटलं. ही शेजारी बसून तोंडाला पदर लावून हसत होती.

लाज वाटली. पण जिवाला बरंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

होडी डावीकडं जातेय. तीन-चार दिवस झाले, मध्यापर्यंत बरी असते आणि मग वळते, थेट काठच्या पाणकणसाच्या झुडपात घुसते. "सरळ चालव की!" म्हटलं, तर ही माझ्यावरच. "मी सरळच चालवाय लागलेय. तुमचं मशीनच वाकडं हाय."

पाणसळ काढली. पट्टीवर ठेवली, तर बुडबुडा खरंच केसभर सरकलेला. टीव्हीचं टेबलच उतरतं! डाव्या टोकाखाली पत्र्याची बारीक पट्टी घातली. मशीन वाकडं बसवलं की काम वाकडंच निघणार, हे काय मला कुणी शिकवायला पाहिजे?

९ फेब्रुवारी, रविवार

पट्टी घालून उपयोग नाही. आणखी एक घातली. होडी पाणकणसातच.

ही आज चिडलेली. डोकं दुखतंय म्हणते, ऊन लागलं असेल. भाकरीसुद्धा एका बाजूला जाड, एका बाजूला पापड. मी बोललो तर म्हणाली, "तुमच्या त्या खेळानं हात भरून आलेत." खरं असणार. रोज वल्ही मारायची म्हणजे काय. उद्यापासून थोडंच खेळायला सांगतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

डाव्या पायातली चप्पल दारात सोडून ही एका चपलेनं दुकानापर्यंत गेली. परत आल्यावर बनाबाईनं दाखवलं तेव्हा कळलं. दोघी हसल्या. मीही हसलो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

वाईट झालं.

संयोगिताचा फोन. आवाज वेगळाच. "आबा, खरं सांगा. तुम्हाला चक्कर येते का? डावा हात दुखतो? गेले दहा-बारा दिवस तुमचा डावा हात उजव्याच्या मागं पडतोय. अंगही डावीकडं झुकतंय. आणि दोनदा लाल पाटी खेळ चालू असताना आलीय. नमस्काराची मी धरत नाही, ती ओळखू येते मला."

मी म्हटलं मशीन वाकडं हाय. टेबल उतरतं हाय. "आबा, त्यानं काही होत नाही. मी पप्पांना सांगितलंय. शनिवारी येतोय आम्ही, डॉक्टरची वेळ घेतलीय."

आता? डावा हात माझा चांगला आहे! पण डॉक्टर उजवाही बघणारच. आणि मी खेळतच नव्हतो असं सांगावं, तर का नव्हतो हे सांगावं लागणार. दोन्हीकडून पुण्यालाच जाणारा रस्ता. मशीन चुकतंय एवढंच खरं, आणि ते कुणी ऐकत नाही.

हिला विचारलं, मधेच लाल पाटी का आली गं? "पाय अडकला सतरंजीत. बसले जरा खाली. तुमाला कशाला सांगू, टेबलाखालनं उठत न्हाईसा."

सतरंजी उचलून ठेवली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शहरात, राजारामपुरीत मोठा डॉक्टर. "आकाराम!" अशी हाक मारली दवाखान्यातल्या पोरीनं, मी उठलो.  डॉक्टरनं चालायला लावलं, नाकाला बोट लावायला लावलं, डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला लावले. डावं सगळं उत्तम म्हणाला. मग उजवा हात बघितला. 

"वडिलांचा हात हलायचा का?"

"हलायचा. पण ते म्हातारे हुते."

डॉक्टर हसला. हा नुसता कंप आहे म्हणाला, घराण्यात चालतो, ह्यानं माणूस पडत नाही. गोळीसुद्धा नको. मोपेड? सावकाश चालवा!

सुटलो! पायऱ्या उतरताना दोनदा विचारलं, नक्की ना? ज्ञानू म्हणाला, "आबा, एवढ्यासाठी तुम्ही हात खिशात घालून हिंडत होता?" म्हणजे त्यानं बघितलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, मी दुसरीकडं बघितलं. येताना पेढे घेतले. हिला दिला तर तिच्या हातातून घरंगळला. वाकून उचलला आणि तसाच खाल्ला.

फक्त संयोगिताचं समाधान नाही. "मग होडी डावीकडं का जाते, आबा?"

१६ फेब्रुवारी, रविवार

आजचं सगळं लिहून टाकतो.  

सकाळी संयोगितानं पट्टीखालचे पत्रे काढले. स्वतः खेळली. होडी सरळ. टेबल तसंच उतरतं, तरी सरळ! मग म्हणाली, आबा, आता तुम्ही. लपवायचं काही उरलं नव्हतं, मी वाकलो, लाल पाटी आली, दांडकी धरली. उजवं वल्हं पाण्यात थरथरत होतं, पाण्यावर नुसते तरंग. पण होडी गेली सरळ, झेंड्यापर्यंत.

पोरगी माझ्या रोजच्या खेळाच्या आकड्यांचा कागद बघते, माझ्याकडं बघते. "आबा, हे तुम्ही नाहीच. ह्या काड्या दुसऱ्याच कुणाच्या तरी आहेत."

आतून थापण्याचा आवाज येत होता. एक थाप मोठी, एक बारीक. एक मोठी, एक बारीक. मी दारात जाऊन उभा राहिलो. ही परातीत भाकरी थापत होती. उजवा हात सगळं करत होता, डावा नुसता त्याच्याबरोबर जात होता. किती दिवस झाले त्या जाड भाकरी खातोय मी! खाऊन वर नावं ठेवतोय!

म्हटलं, "मी खेळलोच न्हाय. पहिल्यापासनं आज्जी खेळतीया."

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. संयोगिता आत पळाली. "आज्जी, डोळे मिटून दोन्ही हात समोर धर बघू." पिठाचे दोन हात वर आले. उजवा तिथंच राहिला. डावा हळूहळू खाली आला, आणि तिला पत्ताच नाही. डोळे मिटून विचारते, "झालं व्हय?"

१७ फेब्रुवारी, सोमवार

डोक्याचा फोटो काढला. आत उजव्या बाजूला रक्त साचलंय, मेंदूवर दाब आलाय. मार जुना, महिन्याभराचा. हळूहळू झिरपत होतं. तिळाचा डबा!

आणि मी पत्र्याच्या पट्ट्या घालत होतो. मशीन सरळ सांगत होतं, मीच त्याला वाकडं ठरवलं.

डॉक्टर म्हणाला, उद्या भोक पाडून रक्त काढू, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. ज्ञानूला मीच म्हटलं, तिला बरी होऊ दे, मग पुण्याला नेतोस तर ने. मोपेड वीक. तो माझा उजवा हात धरून बसला. हलू दिला नाही.

तिला वॉर्डात न्यायच्या आधी म्हटलं, माझ्यामुळं झालं गं. तर म्हणते, "तुमचा हात झाकायला हुभी ऱ्हायले. माझा तर कुणी झाकलाबी न्हवता, तरी मलाच कळला न्हाय."

१९ फेब्रुवारी, बुधवार

बाहेर शिवजयंतीचे ढोल. डोक्याला पट्टी, डोळे उघडे. डॉक्टर म्हणाला, आजी, दोन्ही हात वर. दोन्ही वर गेले. बरोबरीनं! थांबलेही बरोबरीनं!

मी खाली वाकलो, दवाखान्याच्या फरशीला हात लावून कपाळाला लावला. सिस्टर धावत आली — "आजोबा पडले!"

"पडलं न्हाईत," ही खाटेवरून म्हणाली. "त्यांचं तसंच असतंय. आता ते बाजूला हुतील, मंग माझा खेळ सुरू."