उतरून कोण घेणार?

३ फेब्रुवारी २०२५
आजपासून जालन्यात नोकरी! रामनिवासजींचं पंपाच्या सुट्या भागांचं ठोक दुकान. खाली गोदाम, वर ऑफिस, आणि माझी खुर्ची अशी की बसलं की डावीकडं कलते. गावोगावचे दुकानदार आजवर फोनवर ऑर्डर द्यायचे, आता वेबसाइटवर देणार. ऑर्डर पक्की होते ते शेवटचं पान मी करायचं. रामनिवासजींचा मुलगा श्रेणिकभाऊ म्हणाले, जल्दी पाहिजे आणि बराबर पण पाहिजे. घ्या! अंबडला आईला फोन केला. तिनं पगार विचारलाच नाही, संध्या, जेवली का एवढंच विचारलं.

६ फेब्रुवारी
रामनिवासजींचा चाळीस वर्षांचा नेम आहे. ऑर्डर लिहून झाली की शेवटी विचारायचं, उतरून कोण घेणार? नाव कळल्याशिवाय गाडी हलत नाही. म्हणून पानावर ‘माल उतरून घेणाऱ्याचं नाव’ असा रकाना टाकला. तो भरल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. यादीत नसलेला माल लिहायला एक मोकळी चौकटही दिली. ‘रद्द करा’ हे बटण मात्र रामनिवासजींनी काढायला लावलं, कारण निघालेला माल परत घ्यायचा नाही, हा त्यांचा दुसरा नेम. मी वाद घातला आणि हरले.

९ फेब्रुवारी
रविवार, अंबड. पान आईच्या मोबाइलवर लावून दिलं. तिला जमलं तर सगळ्या दुकानदारांना जमेल! भराभर करत गेली आणि नावाशी अडली. आमच्याकडं आलेली वस्तू प्रेमच उतरून घ्यायचा. माझा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी विहिरीवर मोटार बसवताना शॉक लागून गेला. आईनं मोबाइल पालथा ठेवला आणि भांडी घासायला बसली. प्रेम गेल्यापासून ती हसलेली मी पाहिली नाही.

१० फेब्रुवारी
पान सुरू झालं. पहिली ऑर्डर जाफराबादच्या तातेरावकाकांची, सहा बेअरिंगं. उतरून घेणार: कांताबाई. श्रेणिकभाऊंनी नाव पुन्हा वाचलं. कांताबाई म्हणजे काकांची बायको, दिवाळीत वारली. म्हणाले, इतकी वर्षं फोनवर तेच नाव सांगायचा बिचारा, सवयीनं लिहिलं असेल.

१२ फेब्रुवारी
पोचपावती आली. त्यावर अंगठा आहे. गाडीवाला कल्याण म्हणतो, हिरव्या लुगड्यातली बाई होती, काही बोलली न्हाई, खोकं उचलून आत गेली. मला हसू आलं, मग गेलं. दुपारी काकांचा फोन. रडून राह्यले होते, पण खुशीत. म्हणाले, पोरी, तू नाव लिहायलाच लावलं म्हणून ती आल्ती. न्हाईतर मी कशाला लिहितो?

१४ फेब्रुवारी
सकाळी काकांची दुसरी ऑर्डर. मोकळ्या चौकटीत लिहिलं होतं: माल, तातेराव. नग, एक. उतरून घेणार, कांताबाई. म्हातारा थट्टा करतोय वाटलं. दुपारी पानावर आपोआप उमटलं, माल पोचला. आमची गाडी गोदामातच उभी होती!
थोड्या वेळानं जाफराबादहून फोन आला. काका दुकानाच्या पायरीवर बसल्या बसल्या गेले. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा घातलेला.
मी घाबरून आईला सगळं सांगून टाकलं. तिनं विचारलं, त्या चौकटीत नेमकं काय लिहिलं होतं म्हणे? आणि मी, अक्कल गहाण ठेवल्यासारखी, शब्द न् शब्द सांगितला.

१५ फेब्रुवारी
पान बंद करा म्हणून हात जोडले. श्रेणिकभाऊ म्हणाले, म्हाताऱ्याच्या मरणाला वेबसाइट काय करणार?

१८ फेब्रुवारी
अंबडची पोचपावती. पंपाचं एक सील. ऑर्डर आईची, काल मला न सांगता दिलेली. खाली सही आहे. प्रेम आधी वरची रेघ ओढायचा, लांबच लांब, आणि मग तिला अक्षरं टांगायचा. तीच रेघ. मी पावती छातीशी धरून गोदामात रडले. भीतीनं की आनंदानं, खरंच सांगता येत नाही.

१९ फेब्रुवारी, सकाळी अकरा
आईची ऑर्डर, मालाच्या जागी स्वतःचंच नाव —
माल: गिरिजाबाई. नग: एक. उतरून घेणार: प्रेम.
रद्द करायला बटणच नाही. मीच काढलं. मीच.

पावणेबारा
अंबडच्या एसटीत. मांडीवर लॅपटॉप, बटण परत बसवतेय. आई फोन उचलत नाही — पानावर आलंय, माल निघाला —

बारा वाजून गेले
बटण बसलं. बोट त्यावर आहे.
आईचा फोन आला. म्हणते, तो दारात उभा आहे, वाळला न्हाई, हाय तसाच हाय. म्हणते, रद्द नको करू बाई, पुन्हा नको घालवू त्याला. आणि हसली. आई हसली.
न दाबलं तर ती — दाबलं तर तो, माझ्या हातानं, दुसऱ्यांदा —
आई, मी एकटी कुणाच्या दारात —
बोट