एकट्याला न मिळणारी बाटली

प्रिय साडूभाऊ,

धाकट्या साडूचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे बसल्याबसल्याच घातलाय, गोड मानून घ्या). तुमची पाठ काय म्हणते? ताईंनाही नमस्कार सांगा, पण हे पत्र त्यांच्या हाती लागू देऊ नका. तुमचे उपकार कसे फेडू ते कळत नाही, आणि चार शिव्याही हासडायच्या आहेत. दोन्ही एकाच पत्रात उरकतो.

"वाकडी वाट करून जावं असा बार आहे, एकदा तरी जाऊन ये," असं तुम्ही म्हणालात आणि वर "शनिवारी दुपारीच जा" असं बजावलंत. मी भोळा! घरी ऑफिसच्या कामाची थाप मारून निघालो. आधी बस, मग होडी, मग चढण. चढण अशी, की तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतच वर पोचलो. पण दार ढकललं आणि राग पळाला. जुनी लाकडाची वखार, अख्ख्या ओंडक्यांची टेबलं, खिडकीतून खाली नदी, आणि गल्ल्यावर एक निवृत्त नर्सबाई, औषध द्यावं तशी दारू मोजणाऱ्या. म्हटलं, आता कोपऱ्यात निवांत बसू. तर बाई म्हणाल्या, "इथे एकट्याला मिळत नाही. आजाऱ्याला आणि पिणाऱ्याला एकटं सोडू नये. ते बघा, तेही मघापासून ताटकळलेत. त्यांच्यासमोर बसा, दोन शब्द बोला, मग बाटली उघडते."

खिडकीपाशी एक पाठमोरं टक्कल होतं. साडूभाऊ, ते टक्कल मी हजारांत ओळखीन. सासरेबुवा!

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी मन मोकळं करतो. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी त्यांचा रेडिओ दुरुस्त करायला घेतला (कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही). तेव्हापासून रेडिओही गप्प आणि सासरेही. मी समोर बसलेला असलो तरी "त्यांना विचार, मीठ हवंय का" हे आमच्या हिच्यामार्फत. निरोप पोचवून पोचवून ही बिचारी थकली. माझ्यादेखत कधी रडली नाही, पण माहेरून परतताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसते. मला ते बघवत नाही.

बरं, त्या घरात दारूचं नाव निघालं तरी सासूबाई कानांत बोटं घालतात! त्यामुळे मला पाहून सासरेबुवा पांढरेफटक पडले, आणि माझाही चेहरा काही वेगळा नसणार. मधे बंद बाटली, शेजारी हाताची घडी घालून बाई. शेवटी तहान जिंकली. ते खाकरले आणि म्हणाले, "गुडघा कसा आहे तुमचा?" अहो, थेट! मला! मधे कोणी नाही! बाईंनी कोपरानं ढोसलं तेव्हा कुठे "बरा आहे" म्हणालो. मग मात्र बोलतच सुटलो. रेडिओचं त्यांना केव्हाच काही राहिलं नव्हतं; एकदा धरलेला अबोला सोडायचा कसा, तेच सुचत नव्हतं म्हणे. "इथलं तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं. "थोरल्या जावयानं. शनिवारी दुपारीच जा म्हणाला." दोघंही टेबलावर थाप मारून हसलो. साडू असावा तर असा! तुमचं हे ऋण मी जन्मभर विसरणार नाही.

तुमचा,
धाकटा

ता. क. – खरी पंचाईत पुढेच आहे. घरी आम्ही पुन्हा मुके. एकदम बोलायला लागलो तर "कुठे जमलं तुमचं?" असं विचारतीलच, आणि दोघांचंही बिंग फुटेल. काल त्यांच्याकडे जेवताना "त्यांना मीठ दे" म्हणाले आणि टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. तेव्हा रविवारी याच, आणि सगळ्यांसमोर आमचा समेट घडवून आणा. श्रेय सगळं तुमचं.

ता. क. २ – भाओजी, अक्षर बदललं म्हणून दचकू नका, मी धाकटी. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं. त्या शनिवारी आईला बाबांच्या तोंडाला वास आला, मला ह्यांच्या; फोनवर ताळा जुळला. आम्ही दोघी काही बोलणार नाही. तुम्ही मात्र नक्की या, आणि समेट घाईत उरकू नका. बाबा ह्यांच्याशी बोलताहेत, आणि मी मधे काहीएक न सांगता नुसती ऐकत बसलेय, असं मला एकदा बसायचंय.